धुरीच्या फासळ्या

क्षयाचा दवाखाना, मिरजेजवळ
ता. १८ सप्टेंबर १९५७

चि. चुडामण आणि सूनबाई गजरा यांस वीरसिंगचा सलाम. प्रभू तुम्हा दोघांना संभाळो.

इथे येऊन मला पाच महिने झाले. रोज सुई टोचतात, आता कुशीवर निजायलाही जागा उरलेली नाही. पावसात रक्त पुन्हा पडायला लागलं होतं, ते थांबलंय. डॉक्टरसाहेब म्हणतात, डाव्या फुफ्फुसाचा एक भाग कामातून गेलाय, जानेवारीत छाती उघडून तेवढा काढून टाकू. घरी यायला अजून वर्ष तरी लागेल.

आता कामाचं. नाताळच्या फासळ्या यंदा तुम्ही दोघांनी करायच्या. नवापूरच्या मिशन बंगल्यावर मी बावीस वर्षं स्वयंपाक केला आणि एकही नाताळ धुरी दिलेल्या डुकराच्या फासळ्यांशिवाय गेला नाही. बंगल्यावर आता दुसरा स्वयंपाकी आहे, ते बरोबरच आहे, छातीच्या रोग्याला चुलीपाशी कोण उभं करील? पण फासळ्या त्याला येत नाहीत. बंगल्यावरची माणसं आणि रेल्वेतले गार्ड-ड्रायव्हर आपल्याच दाराशी येणार.

चुडामण, परसातलं लाकूड वाळवीनं खाल्लं असेल. आपल्या वरच्या शेताच्या बांधावर उताराला जो धावडा उभा आहे तो तोड. आताच तोडला तर नाताळापर्यंत वाळेल. उशीर करू नको. धूर आंब्याच्या ढलप्यांचा घ्यायचा, पण खालची आच धावड्याचीच पाहिजे, दुसरं लाकूड मध्येच भडकतं.

आणि तुझी ओळ पत्राच्या शेवटी असलीच पाहिजे. गजराकडून सगळं लिहून घेतोस आणि स्वतः झोपा काढतोस. एक ओळ तरी लिही, म्हणजे तुझे हात दिसतात.

तुमचा बाप,
वीरसिंग गावित

*

ता. नवापूर, जि. पश्चिम खानदेश
ता. ८ ऑक्टोबर १९५७

रंजनाबाई यांस गजराचा सलाम.

शाळेत तुम्ही माझ्या दोन वर्षं पुढे होतात, आठवत असेन तर बरं. तुम्ही त्या दवाखान्यात नर्स आहात आणि आमच्या बाबांची खाट तुमच्याच वॉर्डात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते. त्यांना दाखवू नका.

माझा नवरा चुडामण गेल्या बुधवारी वारला.

बाबांचं पत्र आलं होतं, बांधावरचा धावडा तोड म्हणून. हे शेजारच्या भिलाला घेऊन गेले. पावसानं उताराची माती अजून भुसभुशीत होती. झाड तुटलं पण पुरतं पडलं नाही, खालच्या सादड्याच्या फांदीत अडकून राहिलं. भिला म्हणाला, राहू दे, उद्या दोर आणू. हे म्हणाले, बाबानं उशीर करू नको म्हटलंय. खाली शिरून फांदी तोडायला गेले आणि झाड घसरलं.

खाटेवर घालून पायवाटेपर्यंत आणलं तेव्हा बोलत होते. मी धावत गेले. मला म्हणाले, "बाबाला कळवू नका. तो दवाखाना सोडून पळून येईल." एवढंच बोलले. गाडी यायच्या आत गेले.

मी काय करू ते सांगा. माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली. मूल नाही. माहेरची माणसं मला न्यायला आलीत. पण या घरात आता बाबांची वाट बघणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मी अजून गेले नाही.

गजरा

*

ता. १५ ऑक्टोबर १९५७

गजरा,

तुझं पत्र वाचून मी औषधाच्या खोलीत जाऊन बसले. तू मला चांगली आठवतेस.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, आत्ता असा धक्का बसला तर रक्ताची उलटी होईल, आणि मग ऑपरेशनही नाही आणि माणूसही नाही. जानेवारीपर्यंत काही कळू द्यायचं नाही. तू नेहमीसारखी पत्रं लिहीत जा, पाकिटावर नाव मात्र माझं घाल. गावाकडची इतर पत्रं मी आधी बघीन. हे पाप असेल तर अर्धं माझं.

वीरसिंगकाका रोज मला विचारतात, चुडामणनं झाड तोडलं असेल का. मी म्हणते, तोडलं असेल.

रंजना

*

ता. २६ ऑक्टोबर १९५७

ती. बाबांस गजराचा सलाम.

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. लाकूड तोडून झालं. ह्यांच्या उजव्या हाताला कुऱ्हाडीची मूठ लागून सूज आली आहे, म्हणून त्यांची ओळ नाही. भात चांगला आहे. तांबडी शेळी व्याली, दोन करडं आहेत.

बाबा, फासळ्या कशा निवडायच्या ते नीट लिहा. तुम्ही करत होतात तेव्हा मी नुसती पाणी आणायला आणि मसाला कुटायला होते, लक्ष दिलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, बाबालाच विचार.

औषध घेत जा. रंजनाबाई सांगतील तसं वागा.

तुमची सून,
गजरा

*

ता. ४ नोव्हेंबर १९५७

सूनबाई गजरास सलाम.

तो बाबालाच विचार म्हणतो कारण त्याला काही येत नाही. सात वर्षांचा होता तेव्हा बंगल्यावर आणलेलं डुकराचं पिल्लू त्यानं आमच्या खाटेखाली दोन दिवस लपवून ठेवलं. मडमबाई सगळं कुंपण शोधून आल्या. शेवटी ते ओरडलं म्हणून सापडलं. त्यानंतर तो कापायच्या वेळी कधी जवळ थांबला नाही. धुरी द्यायला मात्र बसायचा.

नीट वाच. जनावर वर्षाच्या आतलं पाहिजे. खच्ची केलेला नर किंवा अजून न व्यायलेली मादी. खच्ची न केलेल्या मोठ्या नराचं मांस गरम झालं की मुतासारखा वास सुटतो, नाताळच्या टेबलावरून लोक उठून जातील.

फासळी दोन जागची मिळते. कण्याजवळची आखूड आणि वाकडी असते. ती मऊ, पण धुरात कोरडी पडते. पोटाकडची लांब आणि सपाट असते, तिला चरबी जास्त. धुरीसाठी हीच घे. कापणारा वरचं मांस आधीच तासून घेतो आणि हाडं उघडी पडलेली पट्टी आपल्या गळ्यात घालतो. हाड वरून दिसत असेल तर परत दे. दोन हाडांच्या मधलं मांस बोटानं दाब, खड्डा भरून वर आला पाहिजे. चरबी पांढरी आणि घट्ट बघ. पिवळी दिसली तर जनावर म्हातारं. मांस फिकं असेल आणि त्याला पाणी सुटलं असेल तर ते जनावर पळवून, घाबरवून मारलेलं आहे. त्याला कितीही मीठ लाव, चव येणार नाही.

सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या घे. एक जाड एक पातळ असली की एक जळते आणि एक कच्ची राहते.

आधी एक पट्टी करून बघा. बिघडली तर बिघडू दे. चुडामणला सांग, हात सुजला तरी बोटं आहेत ना, एक ओळ लिही.

वीरसिंग

*

ता. २२ नोव्हेंबर १९५७

ती. बाबांस सलाम.

तुम्ही सांगितलं तसं बघून एक पट्टी आणली. शेजारची कौसाबाई बरोबर होती. कापणारा मला म्हणाला, "बाई माणूस मांस दाबून बघते, असं कधी पाहिलं नाही." मी म्हटलं, आज बघ. पहिल्या दोन परत दिल्या, तिसरी घेतली.

पण बिघडली. वरून काळी झाली, आतून खारटही नाही आणि गोडही नाही. हाडांकडची बाजू तर जुन्या जोड्यासारखी वातड. धुरघरात टांगताना दोनदा माझ्या हातून सुटून राखेत पडली. धुवून पुन्हा टांगली. शेवटी कौसाबाईच्या कुत्र्यानं खाल्ली, त्यानंही सगळी नाही खाल्ली.

पुढचं नीट लिहा. ह्यांचा हात अजून दुखतो.

गजरा

[याच पाकिटात, रंजनाबाईंसाठी वेगळी चिठ्ठी]

रंजनाबाई, मी तेच लाकूड जाळते आहे. भिलानं ते तोडून बैलगाडीनं आणून परसात टाकलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. दुसरं वाळलेलं लाकूड कुठून आणू? पहिला तुकडा आत घालताना हात उचलेना. मग उचलला. बाबांना ऑपरेशननंतर अंडी, दूध लागेल असं तुम्ही लिहिलं होतं, ते कुठून यायचं, असा विचार केला आणि उचलला.

*

ता. २ डिसेंबर १९५७

गजरास सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चूक कळली. तू पापुद्रा काढला नाहीस.

फासळी पालथी घाल, हाडांची बाजू वर. त्या हाडांवर ओल्या कागदासारखा एक पातळ पापुद्रा असतो. तो राहिला तर मीठ आत जात नाही, धूरही जात नाही, आणि खाणाऱ्याच्या दाताला कातडं लागतं. मधल्या हाडावर चमच्याचा दांडा त्याच्याखाली सरकव. सुरी वापरू नको, सुरीनं फाटतो. बोटभर सुटला की फडक्यानं धर, नुसत्या हातातून निसटतो. मग एका दमात ओढ. पहिल्यांदा तुकडे तुकडे येतील. दहाव्या पट्टीला सगळा एकदम येईल आणि तुला आपोआप हसू येईल.

लोंबणारे तुकडे कापून भाजीत घाल, ते धुरात जळून कडू होतात. दोन वाट्या खडेमीठ कुटून, एक वाटी गूळ, मूठभर मिरी भरडून. जाड बाजूला जास्त चोळ, टोकांना कमी. मडक्यात रचून वर दगड ठेव. एक रात्र, एक दिवस. मध्ये एकदा खालची वर कर. मग धुऊन, पुसून वाऱ्याला टांग. घाई करू नको. बोट लावलं की बोट चिकटलं पाहिजे, तोवर आत न्यायची नाही. ओल्या मांसावर काजळी बसते, धूर बसत नाही.

आच कशी ओळखायची ते मला पहिल्या मडमबाईंनी शिकवलं. मांस जिथे टांगलं असेल त्या उंचीला हात धर आणि प्रभूची प्रार्थना म्हण. आमेनपर्यंत हात राहिला तर आच बरोबर. मधल्या 'रोजची भाकर आज दे'पाशीच हात ओढून घ्यावा लागला तर जास्त आहे, राख टाक. सकाळी टांगली तर उन्हं कलायच्या सुमाराला होईल. हाडांची टोकं नखभर उघडी पडली आणि पट्टी मधोमध उचलल्यावर वाकून वरून तडकली की झाली.

पट्टी एकट्या माणसाला उचलायला जड नाही, टांगायला अवघड आहे. आडव्या बांबूला एक कप्पी बांध. दोरीला आकडा लाव, फासळी खालीच अडकव आणि खाली उभी राहून दोरी ओढ. राखेत पडणार नाही.

स्टेशनवर डबा घेऊन तू स्वतः जा. फासळ्या कुणी केल्या असं विचारलं तर माझं नाव सांगू नको. तुझं सांग. लोकांना एकदा नाव माहीत झालं की ते नावाला येतात. हे हातचं काम आहे, कुणी काढून घेऊ शकत नाही. चांगलं शिक.

वीरसिंग

*

ता. २८ डिसेंबर १९५७

ती. बाबांस नाताळचा सलाम.

झाल्या! बाबा, झाल्या. अठरा पट्ट्या केल्या. अकराव्या पट्टीला पापुद्रा सगळा एकदम आला. कप्पी बांधली, एकही पडली नाही. रंग असा आला की चिंचेचा कोळ तव्यावर आटवल्यासारखा. प्रार्थना इतक्या वेळा म्हटली की कौसाबाई म्हणाली, गजरा फार धार्मिक झाली.

बंगल्यावर सहा गेल्या. मडमबाईंनी एक हाड मोडून वास घेतला आणि म्हणाल्या, वीरसिंग घरी आला का? मी म्हटलं, नाही, मी केल्या.

उरलेल्या घेऊन स्टेशनवर गेले. तिथला पार्सलवाला पितांबर, तापीकाठच्या गावाकडचा, जवळ येऊन म्हणाला, "काय शे व बाई या डबामा? वास तं भारी यी ऱ्हायना." मी म्हटलं, डुकराच्या फासळ्या. तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "आते तं तोंडले पाणी सुटनं व्हतं, मायबाई!" आणि मग स्वतःच सगळ्या गार्डांना बोलावून आणलं. गाडी सुटायच्या आत डबा रिकामा.

एक पट्टी घरी ठेवली होती. ह्यांनी खाल्ली. चांगली झाली म्हणाले.

तुमचं ऑपरेशन जवळ आलं. आम्ही प्रार्थना करतो.

गजरा

*

ता. ५ जानेवारी १९५८

गजरा, पोरी,

आता पुरे कर.

चुडामण नाही हे मला तुझ्या ऑक्टोबरच्या पत्रातच जाणवलं. हात सुजलेला माणूस डाव्या हातानं एक रेघ तरी मारतो. तो अंगठा उठवून पाठवायचा, शाई सांडून पाठवायचा, पण काही तरी पाठवायचा. तरी मी मनाला म्हटलं, रुसला असेल. मग तू लिहिलंस की फासळी दोनदा राखेत पडली. तो घरात असता तर धुरघरात तुला टांगू दिलं नसतं, ते एकच काम त्याला आवडायचं.

डिसेंबरच्या पत्रात मी त्याचं नाव एकदाही काढलं नाही. त्याची ओळ मागितली नाही. तू का म्हणून विचारलं नाहीस. तेव्हा माझी खात्री झाली.

मग मी गप्प का राहिलो? तुझ्या हातात काम यावं म्हणून. मी त्या ऑपरेशनातून उठलो नाही तर तुला भावांच्या दाराशी बसावं लागू नये. पापुद्रा कसा काढायचा हे लिहिताना मला पुढचं अक्षर दिसत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, वीरसिंग, बायकोला लिहितोस का रे? मी म्हटलं, सुनेला लिहितोय, स्वयंपाकाचं.

रागावलो नाही. रंजनालाही सांगितलेलं नाही. ती रोज माझ्याशी हसून बोलते आणि पाठ फिरवून डोळे पुसते. तिला वाटतं मला दिसत नाही.

पण "ह्यांनी खाल्ली" असं तू लिहिलंस तेव्हा मला सोसलं नाही. असं पुन्हा लिहू नको.

वीस तारखेला मला आत नेणार. त्याआधी एवढंच सांग. माझा मुलगा कसा गेला? ते न कळता मी भूल घेणार नाही. मी डॉक्टरांना तसं सांगून ठेवलंय.

बाबा

*

ता. ११ जानेवारी १९५८

ती. बाबांस.

माझ्या हातून चूक झाली. माफ करा.

त्यांना ताप आला होता. सप्टेंबरच्या शेवटी. थंडी वाजून यायचा. चिंचपाड्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं, पण ते म्हणाले, उतरेल. चौथ्या दिवशी शुद्ध गेली. पहाटे गेले. त्रास झाला नाही. तुमचं पत्र त्यानंतर पोचलं. लाकूड नंतर भिलानं तोडून आणलं.

पाळक आले होते. सगळं गाव आलं होतं. आईच्या शेजारी त्यांना जागा दिली आहे.

तुम्ही ऑपरेशन करून घ्या. मी माहेरी जाणार नाही. तुम्ही येईपर्यंत मी घरात आहे.

गजरा

[रंजनाबाईंसाठी वेगळी चिठ्ठी]

रंजनाबाई, आधी खरं लिहिलं होतं. दोन पानं. धावडा, उतार, "बाबानं उशीर करू नको म्हटलंय", सगळं. मग ती पानं चुलीत टाकली आणि हे लिहिलं. गावात सगळ्यांना सांगून ठेवते की ताप होता म्हणायचं. तुम्हीही तेच म्हणा.

*

ता. २३ जानेवारी १९५८

गजरा,

ऑपरेशन झालं. साडेचार तास लागले. दोन दिवस भरवसा नव्हता, आज पाणी मागितलं. तुझं पत्र त्यांनी आत जाण्याआधी वाचलं, घडी घालून मला दिलं आणि म्हणाले, "ताप होता. बरं झालं सांगितलं." मग स्वतःच उठून ढकलगाडीवर निजले.

मी मान हलवली. 

रंजना

*

ता. १६ मार्च १९५८

गजरास आशीर्वाद.

आता बसता येतं. लिहिताना डावी बाजू ओढते म्हणून थोडंच लिहितो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. इथे पडल्या पडल्या माझ्या मनात एकच भय होतं. मी त्याला त्या उतारावर झाड तोडायला सांगितलं होतं, पाऊस पुरता ओसरलाही नव्हता. पत्र पेटीत टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी वाटलं, असं लिहायला नको होतं, वाळलेलं लाकूड विकत मिळालं असतं. तू ताप लिहिलंस आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. ताप कुणालाही येतो. त्यात कुणाला बोल लावायचा नसतो. देवानं दिला, देवानं नेला. एवढ्या आधारावर मी त्या टेबलावर निजलो आणि एवढ्याच आधारावर उठलो.

नोव्हेंबरात सोडतील म्हणतात. स्टेशनवर ये.

बाबा

*

ता. ३० नोव्हेंबर १९५८

रंजनाबाई यांस सलाम.

बाबा घरी आले त्याला आज सव्वीस दिवस झाले. तुम्ही दोनदा विचारलंत, तिसऱ्यांदा विचारण्याआधी सांगते.

चार तारखेला मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले. वाळून निम्मे झालेत, एक खांदा उतरलाय, पण चालत डब्यातून उतरले. मला बघून म्हणाले, "तू बारीक झालीस." गाडीत सगळा रस्ता शेतांकडे बघत होते. कुणाचं पीक कसं आहे ते विचारत होते. बरे वाटत होते. मला वाटलं, निभावलं.

अंगणात बायका जमल्या होत्या. गावात सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं. पण कौसाबाई म्हातारी झाली आहे, तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. बाबा गाडीतून उतरले आणि तिनं त्यांच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. रडता रडता म्हणाली, "तुझ्या एका लाकडापायी गेला रे वीरसिंग. भिला नको म्हणत होता, तरी झाडाखाली शिरला. बाबानं सांगितलंय म्हणाला."

 कुणीतरी कौसाबाईचा हात ओढला. बाबा तिला बाजूला करून माझ्याकडे वळले.

"ताप नव्हता?"

मी म्हटलं, "नाही."

"माझं पत्र आधी आलं होतं?"

"हो."

"काही बोलला का?"

"बोलले. बाबाला कळवू नका, तो पळून येईल, एवढंच."

ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाले, "तू खरं लिहिलं असतंस तर मी टेबलावर निजलोच नसतो. म्हणून खोटं लिहिलंस. मला उठवलंस." मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "आता उठून करू काय, गजरा?"

मी त्यांची वळकटी उचलून आत नेली. 

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. रागानं नाही. ताट ठेवलं की जेवतात. औषध दिलं की घेतात. सकाळी काठी घेऊन वरच्या शेतापर्यंत जातात, त्या बुंध्यापाशी बसतात आणि ऊन तापलं की परत येतात. चौथ्या दिवशी माझा भाऊ मला न्यायला आला. बाबा खाटेवर होते, त्यांनी ऐकलं, जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. मी भावाला म्हटलं, नाताळच्या फासळ्या लोकांना कबूल केल्यात, त्या टाकून येता येत नाही. तो म्हणाला, "कुणासाठी बसतेस इथे? तो तर तुझ्याकडे बघतही नाही." मी म्हटलं, बघायला लावून काय करू, जेवतात तेवढं पुरे. भाऊ जेवून गेला.

यंदा लोकांनी जास्त मागितल्या आहेत, म्हणून महिनाभर आधीच सुरुवात केली. जनावर मीच बघून घेतलं. तीन दिवसांपूर्वी पट्ट्या सोलून, चोळून मडक्यात रचत होते. बाबा ओट्यावर बसून होते पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. बंगल्यावरचा माणूस निरोप घेऊन आला, दारातूनच म्हणाला, "वीरसिंगदादा, तुमच्या फासळ्या कधी?" बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "माझ्या नाहीत. हिच्या आहेत. हिला विचार." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला उद्देशून नाही तरी माझ्याबद्दल काही म्हटलं. तो माणूस गेल्यावर पुन्हा तसेच बसले.

त्यांच्यापुढे मांस ठेवत नाही मी. भाकरी आणि उडदाची डाळ. धुरघराकडे ते एकदाही गेले नाहीत. दार उघडलं की उठून आत जातात.

काल सकाळी पहिल्या सहा पट्ट्या टांगल्या. लाकूड यंदा मी विकत आणलं होतं, सुकलं म्हणून दिलं पण आत ओल होती. मी आच बघून परसातून अंगणात आले, तांदूळ पाखडायला बसले. बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाले, "गजरा."

मी सूप तसंच धरून राहिले. पंचवीस दिवसांनी माझं नाव घेतलं होतं.

"धूर कडू येतोय. वरचं झाकण सरकव, वाफ कोंडलीय."

मी पळत गेले आणि झाकण सरकवलं. धूर खरंच कडू झाला होता. डोळ्यांत, नाकात, सगळीकडे गेला. तिथेच भिंतीला टेकून मी खूप वेळ रडले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर धुरानं पाणी आलं असंच म्हटलं असतं. परत आले तेव्हा बाबा कुशीवर वळले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि ती हलत होती. मी जवळ गेले नाही. तांदूळ पुन्हा पाखडायला घेतले.

तुमची,
गजरा